पंच्याखालचा सौदा

आबांना आयर्लंडला आणलं ते मी, आणि तेही भांडून. आई गेल्यावर ते वखारीतच झोपायला लागले होते, लाकडांच्या थप्प्यांमध्ये खाट टाकून. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, हे फोनवर सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आबा, तीन महिने माझ्याकडे या, नाही आलात तर मी पुन्हा गावाचं तोंड बघणार नाही. असल्या धमक्या मी लहानपणापासून देत आले आणि ते दर वेळी त्यांना बळी पडत आले. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत ते डब्लिनच्या विमानतळावर उतरले. डोक्याला टोपी, खांद्यावर पंचा, आणि बॅगेत कपड्यांपेक्षा करडईचं तेल जास्त.

मी वॉटरफोर्डला औषधांच्या कारखान्यात नोकरी करते. घर गावाच्या टोकाला, मागे कुरण. तिथवर येताना रस्त्याकडेची लावलेली जंगलं बघून आबा म्हणाले, "सगळी एका मापाची. शाळंतल्या पोरांवाणी उभी केल्यात." घरात पाऊल टाकलं आणि पहिलं काम काय केलं, तर भिंतीवर टकटक. घराचा सांगाडा लाकडाचा आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी फसवली गेले आणि मला त्याचा पत्ताच नाही. "पोरी, हे घर न्हवं. काडेपेटी हाय." मग परसातली तेलाची टाकी दिसली. हे तेल जाळून आम्ही घर गरम ठेवतो, लॉरी येऊन टाकी भरून जाते, असं मी सांगितलं. बराच वेळ ते टाकीभोवती फिरत राहिले. ज्या माणसाने तेलाचा एक थेंब सांडला म्हणून गड्याला सोडा, स्वतःला शिव्या घातल्या, त्याला हे पचणं अवघडच होतं.

लाकूड, जनावर आणि तेल, हे तीन धंदे आबांनी शून्यातून उभे केले. शून्यातून म्हणजे खरोखर. वडील लहानपणीच गेले, शेत भावकीने घातलं घशात. मग आबा दुसऱ्यांच्या बांधावरची बाभळ तोडून मोळी विकायचे. मोळीतून पुढे उभी झाडं विकत घ्यायला लागले. झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून, वर बघून ते सांगायचे की यातून किती लाकूड निघेल, आणि आतून पोकळ असेल तर तेही सांगायचे. लाकूड ओढायला बैलजोडी घेतली, तर बैलांचीच गोडी लागली, आणि आठवडी बाजारात खरेदी-विक्री सुरू झाली. बैलांना पेंड लागते म्हणून एक मोडका लाकडी घाणा घेतला, तो स्वतःच दुरुस्त केला, आणि पेंडीच्या निमित्ताने तेलाचा धंदा झाला. पुढे घाण्याची गिरणी झाली, मोळीची वखार झाली. लोक म्हणायचे, दोन डगरींवर पाय ठेवणारा बुडतो. आबा म्हणायचे, "म्हणून म्या तीनवर ठिवला."

आमच्या घरात पाहुणा आला की आधी त्याला शिंक यायची, भुशामुळे. आम्हाला सवय होती. आबांच्या छातीलाही सवय झाली असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

जनावरांचा व्यापार त्यांनी गुडघे दुखायला लागल्यावर सोडला. गिरणी दादा बघत होता. राहिली वखार. ती विकायची हे आबांनीच ठरवलं होतं. गिऱ्हाईकही ठरल्यासारखं होतं, त्याला त्या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं होतं. पण आबांची एक अट होती. सौदा ते स्वतः करणार, स्वतःच्या हाताने. इथे आल्या दिवसापासून रोज एकदा तरी म्हणायचे, "मे महिन्यात गेलो की पयलं ते काम."

हाताने म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून पंचा किंवा टॉवेल टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळी मूठ आवळली की पाच. हजार की दहा हजार ते मालाकडे बघून कळतं. नको असेल तर हात नुसता ढिला सोडायचा, काढून घ्यायचा नाही. हात काढला की सौदा मोडला. पटलं तर विकणारा तळहातावर टाळी देतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा फक्त दोघांनाच कळतो, आणि नंतरही तो कुणाला सांगायचा नाही. पंच्याखालचं पंच्याखालीच. आबांनी झाडं अशीच घेतली, बैल असेच विकले, गिरणीचं यंत्रसुद्धा असंच घेतलं, आणि ते देणारा मुंबईचा व्यापारी म्हणे हात धरल्यावर लाजून लाल झाला होता. कागद नंतर. आधी हात.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. मे महिना आला आणि गेला. विमानंच नव्हती. नवऱ्याने दूतावासाच्या यादीत आबांचं नाव लावलं आणि आम्ही वाट बघत बसलो. मला कारखान्यात जावंच लागायचं, नवरा वरच्या खोलीत कॉम्प्युटरला चिकटलेला. आबा एकटे खाली. टीव्हीचं त्यांना काही कळेना, बाहेर जायचं तर दोन किलोमीटरच्या आत. मी घरी आले की ते विचारायचे, "इमानाचं काय?" मी म्हणायचे, "काही नाही." कधी कधी दमून आलेली असायचे, तेव्हा म्हणायचे, "आबा, विमान काय माझ्या खिशात आहे का?" मग ते गप्प बसायचे आणि मला आणखीच राग यायचा.

मग त्यांना कुंपण सापडलं. आमच्या मागच्या कुरणात एका शेतकऱ्याचे बैल चरायचे. शेतकरी आबांच्याच वयाचा, एकटा, गालावर पांढरे खुंट. जमीन त्याची म्हणून आबांनी त्याचं नाव पाटील ठेवलं. तो आबांना बॉस म्हणायचा. दोघांमध्ये दोन मीटरचं अंतर आणि तारेचं कुंपण. भाषा म्हणाल तर ठणठणगोपाळ. पण दोघेही बैलांकडे तोंड करून तास-तास उभे राहायचे. एकदा मी गेले तर आबा त्याला हाताने दाखवत होते की आमच्याकडच्या बैलाला इथे वशिंड असतं. पाटील त्याच्या बैलांच्या सपाट पाठींकडे बघत मान हलवत होता.

"खांदं बघ पोरी," आबा मला म्हणाले. "जू कवाच ठिवलं न्हाई. एवढाली अंगं आन् कामाला शून्य. ह्यांचं करत्यात काय?"

मी विषय बदलला.

पाटलाचंही दुखणं आबांसारखंच निघालं. त्याचा जन्म जनावरांच्या बाजारात गेला होता, इथे त्याला मार्ट म्हणतात. आता मार्टात माणसांना आत घेत नव्हते, लिलाव मोबाइलवर चालायचा. त्याने मला फोन काढून दाखवला. पडद्यावर एक बैल गोल फिरत होता आणि कोपऱ्यात आकडे वाढत होते. "हे बघ," तो म्हणाला, "समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही. आता सांग, तो खोटं बोलतोय हे मला कळणार कसं?" मी आबांना हे मराठीत सांगितलं. आबांनी कुंपणापलीकडे बघून फक्त "व्हय," म्हटलं, आणि पाटलाला ते बरोबर कळलं.

जुलैत जरा सूट मिळाली. एका रविवारी पाटील थेट कुंपणाला टेकून उभा होता. आबांनी खांद्यावरचा पंचा काढला, एका पांढऱ्या तोंडाच्या बैलाकडे बोट दाखवलं आणि हात पुढे केला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि सॅनिटायझरची बाटली घेऊन पळत सुटले. "आबा, हात नको," म्हणेपर्यंत पंचा दोघांच्या हातांवर पडलाही होता. पाटलाला नियम माहीत नव्हते. ते सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. मी इंग्रजीत मोठ्याने म्हणाले, "ते म्हणतायत तीन," तशी आबांनी कपाळावर हात मारला. "अगं, मोठ्यानं बोललीस तर पंचा कशाला? दे फेकून." मी तोंड मिटून बाजूला उभी राहिले. खरं सांगते, त्या वर्षात मी एवढी हसले ती तेवढीच.

दहा मिनिटं पंचा हलत होता. मग पाटलाने हात बाहेर काढला, तळव्यावर थुंकला आणि आबांच्या तळव्यावर सणसणीत टाळी दिली. माझे डोळे पांढरे झाले. आबा मात्र खूश. टाळीची भाषा त्यांना सांगावी लागली नाही. नंतर पाटलाने खिशातून दोन युरोचं नाणं काढून आबांच्या हातावर ठेवलं.

"हे काय?" आबांनी मला विचारलं.

पाटील म्हणाला, ही लक पेनी. सौदा झाला की विकणाऱ्याने घेणाऱ्याला त्यातलं थोडं परत करायचं. शुभ असतं. आणि बॉसला सांग, बैल त्याचा झाला; विमान सुटेपर्यंत मी सांभाळतो.

"ठरल्यावर परत द्यायचं? येडा हाय का त्यो?" आबा म्हणाले. संध्याकाळभर ते नाणं तळहातावर उलटंपालटं करत बसले होते. जेवताना स्वतःशीच म्हणाले, "चांगलं हाय तसं. घेणारा हसत गेला पायजे." मग नाणं सदऱ्याच्या खिशात गेलं. बैल आपला नाही, ही गंमत आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी सकाळी उठून आधी ते पांढरं तोंड कुठे आहे ते बघायचे.

सप्टेंबरात यादीत नंबर लागला. बॅग भरून झाली. पण त्यांना दम लागत होता, जिना चढताना दोनदा थांबत होते. डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि विचारलं, हे खाणीत काम करायचे का? मी म्हटलं, वखारीत. तो म्हणाला, अशा छातीने तोंड बांधून एवढा प्रवास आत्ता नको, हिवाळा जाऊ दे. आबांनी काही कटकट केली नाही. बॅग मात्र त्यांनी रिकामी करू दिली नाही. रोज त्यातूनच कपडे काढायचे आणि धुऊन पुन्हा त्यातच ठेवायचे.

ऑक्टोबरात पांढऱ्या तोंडाचा बैल दिसेना. मी मनात म्हटलं, आता विचारतील. विचारलं नाही. पाटील आला, टोपी हातात घेऊन माझ्याशी बोलला. चाऱ्याची अडचण होती, सगळाच कळप खाटकाच्या कारखान्यात गेला होता. बॉसला कसं सांगू ते कळत नाही, म्हणाला. पण आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं.

"त्याला म्हणावं, काय वाईट वाटून घिऊ नगं. मीबी काय धुतल्या तांदळाचा न्हाई. म्हाताऱ्या बैलांचं फुडं काय हुतं, ते म्या कवा इचारलं न्हवतं."

त्यानंतर कुंपणापाशी जाणं कमी झालं. थंडी होती, हे खरंच. पण थंडीचं नुसतं निमित्त.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला बोटं शिकवली. रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलाशी, भांडी पुसायचा टॉवेल वर टाकून. दादाला त्यांनी दहाव्या वर्षी शिकवली होती. तेव्हा मी मागे लागले तर मला हाकलून दिलं होतं. आता मी टोमणा मारलाच, "पोरींना शिकवत नव्हता ना तुम्ही?"

"बाजारात पोरी येत न्हवत्या," ते म्हणाले. "हितं तर बाजारच न्हाई. मंग कुणालाबी शिकवलं तर काय?"

मी भराभर शिकले. पण त्यांनी आकडा दिला की मी लगेच होकार द्यायचे, वेळ वाचावा म्हणून. त्यावर ते चिडायचे. "पयल्या आकड्याला हो म्हणणारा एक तर येडा नायतर चोर. समोरच्याला वाटलं पायजे का त्यानं झगडून मिळवलं. त्याचा मान असतोय त्यो." त्यांचा हात खरखरीत होता आणि बोटं थंड पडलेली असायची. इतका वेळ त्यांचा हात मी आयुष्यात कधी धरला नव्हता. आमच्यात धरतात कुठे? लहानपणी रस्ता ओलांडताना मनगट धरलं असेल, तेवढंच.

जानेवारीत दादाचा फोन आला. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. वखार जवळजवळ वर्षभर बंद, लाकडाला भुंगा लागलेला, गड्यांना बसून पगार. दादाचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मीच त्याच्याशी भांडले, म्हटलं, दोन महिने कळ काढ. तो म्हणाला, "तू मला दोन महिने लिहून देतेस का?" मी कुठून देणार होते? आबा पलीकडे बसून ऐकत होते. त्यांनी फोन मागून घेतला.

पडद्यावर दादाने गिऱ्हाईकाचा आकडा सांगितला. तोंडाने, मोठ्याने, मागे गडी उभे असताना. आबांनी मान खाली घातली. त्यांचा उजवा हात टेबलावर उघडा पडला होता, तो त्यांनी हळूच पंच्याखाली घेतला. तिथे धरायला कुणाचा हात नव्हता.

"कर मंग," ते म्हणाले. "फोनवरनं सौदा म्हंजी उंटावरनं शेळ्या हाकणं. पर कर."

मला तेव्हा कारखाना, विमानं, तो आजार, सगळ्याचाच इतका संताप आला की मी सिंकमधली भांडी आपटत घासली. त्या दिवसापासून मात्र "इमानाचं काय?" हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ते विचारायचे तेव्हा मला राग यायचा. आता विचारत नव्हते तर मीच रोज दूतावासाची यादी उघडून बघायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांची धाप आवरेना. ॲम्ब्युलन्स आली, त्यांना घेऊन गेली. बरोबर कुणाला येऊ देत नव्हते. नर्स फोनवर रोज सांगायची, रात्र ग्रँड गेली, म्हणजे इथल्या बोलीत छान गेली, थोडा चहा घेतला. मग एका दुपारी तिचाच फोन आला आणि ती ग्रँड म्हणाली नाही. म्हणाली, एकाला थोडा वेळ येता येईल.

मला प्लास्टिकचा झगा घातला, तोंडाला मास्क, हातांना मोजे. आबांच्या नाकातोंडावर ऑक्सिजन, त्याचा आवाज मोठा. मी "आबा" म्हटलं ते त्यांना ऐकू आलं की नाही, देव जाणे. मास्कच्या वर माझे नुसते डोळे, तेही भरलेले. इतके महिने एका घरात काढले, आणि आता बोलायला तोंडच उरलं नव्हतं. मी पलंगाशी बसले, त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो धरून चादरीखाली ओढला. मला वाटलं, थंडी वाजत असेल.

मग त्यांनी माझी मूठ आवळली. सोडली. पुन्हा आवळली. मग बोटं धरली, एकेक करून.

पहिल्या फेरीला मला कळलंच नाही. दुसऱ्या फेरीला कळलं. दादाने ज्या आकड्याला वखार दिली तो मला माहीत होता, आबांनाही माहीत होता. आबांनी त्याच्या बऱ्याच वरून सुरुवात केली होती. ते वखार विकत होते, आणि समोर गिऱ्हाईक म्हणून मी होते.

माझ्या मनात आलं, लगेच हो म्हणावं. काय मागतील ते द्यावं. पण पहिल्या आकड्याला हो म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं की मी त्यांची कीव करतेय. म्हणून मी खालचा आकडा दिला. त्यांनी हात ढिला सोडला. नको. मी थोडी वर गेले. त्यांचे डोळे बारीक झाले. बाजारात ते असेच करायचे, असं दादा सांगायचा. मग ते थोडं खाली आले. मी तिथेच अडून बसले, नाकातोंडातून पाणी वाहत होतं तरी अडून बसले. रबराच्या मोज्याचा त्यांना वैताग येत होता, बोट धरलं की सटकायचं, मग पुन्हा चाचपून धरायचे. नर्सने एकदा हलणाऱ्या चादरीकडे पाहिलं आणि पडदा नीट केला. मी अजून वर गेले. ते थांबले. बराच वेळ थांबले, मला भीती वाटली की झोपले. आणि मग माझ्या तळहातावर टाळी दिली. लहान बाळ पालथा हात टेकवतं तेवढीच, पण टाळी.

मी हात काढणार नव्हते. पण त्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी माझी करंगळी धरली, दुमडून माझ्याच तळव्यावर ठेवली आणि वरून माझी मूठ बंद केली. मग डोळे मिटले. थोड्या वेळाने नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आबा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

निरोपाला आम्ही मोजकीच माणसं. पण गाडी आमच्या रस्त्यावरून गेली तेव्हा शेजारीपाजारी आपापल्या फाटकांशी उभे होते, आणि कुरणाच्या कोपऱ्यावर पाटील होता, टोपी छातीशी धरून, पावसात. हॉस्पिटलने पिशवीत घालून दिलेल्या सदऱ्याच्या खिशात दोन युरो तसेच होते. अस्थींचा कलश मी स्वयंपाकघरातल्या कपाटात, ज्याला इथले लोक प्रेस म्हणतात, करडईच्या तेलाशेजारी ठेवला. विमानं सुरू झाली की त्यांना घेऊन जायचं होतं.

दादाने अंत्यविधी फोनवर पाहिला. नंतर त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला चादरीखालचा सौदा सांगितला. आकडा त्याने विचारला नाही. त्याला आबांनी दहाव्या वर्षी शिकवलं होतं.

"टाळी कुणी दिली?" एवढंच त्याने विचारलं.

"त्यांनीच."

"मग झालं. वखार आबांनीच विकली," तो म्हणाला. "माझा नुसता कागद."

मग मी करंगळीचं सांगितलं. टाळीनंतर त्यांनी एक बोट परत दिलं आणि माझी मूठ बंद केली, ते.

दादा गोंधळला. "परत दिलं? आपल्या बाजारात असं नसतं गं."

"आपल्या नसतं," मी म्हणाले. "इथल्या बाजारात असतं. घेणारा हसत गेला पाहिजे, म्हणून."

मग आम्ही दोघंही फोन चालू ठेवून बराच वेळ रडत बसलो.